मधला रकाना

सावित्रीबाई फुले यांनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आज आपल्याला वाचायला मिळतात. त्यांपैकी दोन, १८५६ आणि १८६८ सालची, माहेरून लिहिलेली आहेत. त्यांवरचा पत्ता नायगाव, पेटा खंडाळा, सातारा असा आहे. एम.ए.च्या वर्गात ही पत्रे वाचताना विद्यार्थी या पत्त्यापाशी हमखास अडतात, कारण खंडाळा म्हटले की त्यांना लोणावळ्याचा जोडीदार आठवतो. हा खंडाळा तो नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदी ओलांडली की शिरवळ येते आणि पुढे, खंबाटकीच्या घाटाला लागण्याआधी, हे तालुक्याचे गाव.

१८५६च्या पत्रातला प्रसंग घरातला आहे. आजारपणामुळे सावित्रीबाई माहेरी आलेल्या आहेत आणि भाऊ त्यांना बोल लावतो आहे: महार-मांगांना शिकवणे हे आपल्या कुळाला शोभत नाही, जातीच्या रीतीने वागावे. त्या त्याला उत्तर देतात, आणि ते उत्तर नवऱ्याला कळवतात. पुण्यातली शाळा १८४८ची. तिच्यावर झालेली चिखलफेक सर्वांना ठाऊक आहे. शाळेवरून माहेरच्या ओसरीवर झालेला हा वाद मात्र फारसा कोणी सांगत नाही. आम्हांला तो अधिक मोलाचा वाटतो, कारण शाळा आणि घर यांच्यातले भांडण तिथे उघडे पडते.

ते भांडण निराळ्या रूपात पाहण्याचा योग गेल्या हिवाळ्यात आला. आमची एक माजी विद्यार्थिनी याच तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिने बोलावले म्हणून आम्ही दोघे ओळीने चार शनिवार तिच्या वर्गात, मागच्या भिंतीला टेकून, सतरंजीवर बसलो. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत, तिसरी-चौथी पलीकडे गुरुजींकडे. साऱ्या शाळेचा पट तेवीस. त्यांतली अकरा मुले औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या बिहारी आणि उत्तर प्रदेशी कुटुंबांतली. गावातली ऐपतदार घरे सकाळी पिवळ्या गाडीची वाट पाहतात. त्यांची मुले इंग्रजी शाळेत जातात. म्हणजे या गावची मराठी शाळा आज टिकून आहे ती बऱ्याच अंशी भोजपुरी बोलणाऱ्या मुलांवर. २०२३मध्ये शासनाने वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याचा विचार मांडला तेव्हा इथल्या गुरुजींनी सगळ्यांत आधी या मुलांची डोकी मोजली असणार. मराठीच्या अस्तित्वाविषयीच्या परिसंवादांत आम्हीही बोलत आलो आहोत; हे दृश्य तिथे कोणाच्या भाषणात आल्याचे आठवत नाही.

परिपाठ झाला की बाई मुलांना विचारतात, ‘आज घरी काय झालं?’ हा त्यांचा रोजचा पहिला तास. पहिल्या शनिवारी एका मुलीने हात वर केला. ‘आमची म्हस याली.’ बाईंनी फळ्यावर तीन रकाने आखले. पहिल्यात लिहिले ‘म्हस’, मधल्यात ‘म्हैस’. तिसरा रिकामा ठेवून त्या खिडकीपाशी बसलेल्या मुलाकडे वळल्या. तो जून महिन्यात शाळेत आला तेव्हा एक शब्द बोलत नव्हता, असे त्यांनी आम्हांला आधीच सांगितले होते. तो म्हणाला, ‘भँइस.’ तिसरा रकाना भरला. मग ‘कुटं, कुठे, कहाँ’ आले, ‘न्हाय’ आले, ‘पानी’ आले. पाणी या शब्दापाशी गंमत झाली. पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यात एकच शब्द, मधल्यात निराळा. गावातल्या मुलांनी खिडकीकडे पाहिले, खिडकीपासच्या मुलाने त्यांच्याकडे, आणि सगळी हसली. जे अंतर आम्ही भाषाशास्त्राच्या तासाला ‘न’ आणि ‘ण’ यांच्या व्यवच्छेदावर पाऊण तास बोलून समजावतो ते सहा-सात वर्षांच्या पोरांनी एका नजरेत टिपले.

एकाने विचारले, ‘बाई, ह्यातला बरोबर कंचा?’ आम्ही कान टवकारले. इथे बाई काहीतरी मोठे, उदार बोलतील अशी आमची अपेक्षा होती.

बाई म्हणाल्या, ‘परीक्षेत मधला लिहायचा.’

मधल्या सुट्टीत आम्ही तिला याविषयी छेडले. ‘सर, मॅडम, मी काय करू? तुम्हीच सांगा,’ ती म्हणाली. भिंतीवर निपुण भारतचा तक्ता होता. २०२१मध्ये सुरू झालेल्या या अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द, तेही अर्थ कळून, वाचावेत असे उद्दिष्ट आहे. ‘साठ शब्द मधल्या रकान्यातले. बाहेरचे दोन रकाने मोजणारं घड्याळ कोणाकडे नाही.’ व्हरांड्यात खिचडीची पंगत बसली होती. स्वयंपाकाच्या मावशी वाढताना मुलांशी बोलत होत्या, आणि त्यांच्या बोलण्यात पहिला नि तिसरा रकाना केव्हा एकमेकांत मिसळत होते ते कळत नव्हते. जूनमध्ये मुका असलेला तो मुलगा त्यांच्याकडे ‘आजून थोडी’ मागत होता. त्याने मराठीचा श्रीगणेशा गिरवला तो या पंगतीत. फळा त्याच्या वाट्याला नंतर आला.

हा प्रश्न या परिसराला नवा नाही. शेजारच्या फलटणच्या बोलीतल्या विविधतेवर मॅक्सीन बर्नसन यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९७३मध्ये प्रबंध सादर केला, आणि पुढे तिथेच राहून १९८६मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी केली. प्रबंधाकडून पहिलीच्या वर्गाकडे झालेला हा प्रवास आमच्या व्यवसायातल्या लोकांनी कधी पुरेसा मनावर घेतला नाही. आमचा ओघ नेहमी उलटा: पहिलीतून सुटायचे आणि प्रबंधापर्यंत पोचायचे. २०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासननिर्णय निघाला, गदारोळ झाला आणि जूनअखेर तो मागे घेतला गेला. तो मागे गेला हे बरेच झाले. परंतु त्या अडीच महिन्यांच्या वादात पहिलीतल्या मुलाच्या घरी कोणती भाषा असते हा प्रश्न दोन्ही बाजूंना फारसा पडला नाही.

आमच्या महाविद्यालयात एक विद्यार्थिनी आहे. लिहिते उत्तम, तिचे निबंध आम्ही इतरांना वाचून दाखवतो. दोन वर्षांत ती वर्गात स्वतःहून एकदाही बोललेली नाही. तोंडी परीक्षेच्या वेळी आम्ही तिला कारण विचारले तेव्हा म्हणाली, ‘बोलताना ण चुकला तर सगळे बघतात.’ तिचा मधला रकाना काठोकाठ भरला आहे. पहिला तिने कुठल्या इयत्तेत पुसला, तेव्हा कोण काय म्हणाले, हे तिलाही आठवत नाही. खंडाळ्याच्या त्या खोलीत बसून आम्ही फळ्याकडे पाहत होतो तेव्हा डोळ्यांसमोर तीच येत होती.

शेवटचा शनिवार डिसेंबरअखेरीचा. तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, आणि या तालुक्यात तो दिवस सणासारखा असतो. नऊवारी नेसलेल्या, मोठे कुंकू लावलेल्या चिमुकल्या सावित्री नायगावच्या वाटेवर जागोजाग दिसतात. चौथीतल्या एका मुलीने पाठ केलेले भाषण बाईंना म्हणून दाखवले. भाषण कुठल्यातरी पुस्तिकेतले, शुद्ध, आणि आगगाडीच्या वेगाचे. सुषमा देशपांडे यांच्या एकपात्री प्रयोगाचे नाव ‘व्हय मी सावित्रीबाई’ असे आहे, हे त्या पुस्तिकेच्या कर्त्याच्या गावी नसावे. बाईंनी तिला थांबवले आणि पत्रातली भावाची गोष्ट सांगितली. मग विचारले, ‘भाऊ असं बोलला तर तू त्याला काय म्हणशील?’

मुलगी क्षणभर गप्प. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘दादा, तू साळंत गेलास तवा मी आडवी आलती का? मंग तू का आडवा येतूस? म्या शिकवनार. तू गप बस.’

खोलीत टाळ्या पडल्या. खिडकीपासच्या मुलाला भाऊ व्हायचे होते. त्याने आपल्या भाषेत तिला दरडावले, तिने त्याला आणखी दोन सुनावल्या. आई कोण होणार यावरून पहिलीतल्या तिघींची भांडणे लागली. बाई फळ्यापाशी उभ्या होत्या, पण त्यांनी एकही शब्द दुरुस्त केला नाही.

तीन तारखेच्या कार्यक्रमात प्रत्येक शाळेला तीन मिनिटे होती. बाईंनी आम्हांला फोनवर सांगितले की पुस्तिकेतले भाषण झाले, एका दमात, न चुकता. भावाचा प्रसंग वेळेअभावी राहिला. तो आता त्या शनिवारी दुपारी, खिचडीनंतर, वर्गातच करतात. आई व्हायची पाळी कोणाची, याची यादी दारामागे लावली आहे.