शेगडी आणि कळ्या

काही वर्षे माझे वास्तव्य हैदराबादेतील बेगम बाजारात होते. मुसी नदीच्या उत्तरेस वसलेल्या त्या गजबजलेल्या घाऊक पेठेत, एका जुन्या घराच्या गच्चीवर, मी सहा फूट लांब व चार फूट रुंद असे हरितगृह बांबूंवर उभारले होते. त्यात आमरीची, म्हणजे ऑर्किडची, रोपे होती. सह्याद्रीत झाडांच्या फांद्यांवर फुलणारी सीतेची वेणी याच कुळातील.

सीतेची वेणी आपली थंडी सोसते. परंतु आग्नेय आशियातील उष्ण, दमट अरण्यांतून आलेल्या फॅलेनॉप्सिसला रात्री १५ अंशांखालील गारवा मानवत नाही. एका डिसेंबरात तिला प्रथमच कळ्यांचा तुरा आला आणि त्याच आठवड्यात थंडी वाढली. मी बाजारातून प्लास्टिकचे कापड आणून प्रत्येक फट बुजविली व रात्री आत कोळशाची शेगडी ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी आत वाकलो तो डोके गरगरले. कसाबसा बाहेर आलो. कळ्या पिवळ्या पडून खाली गळल्या होत्या.

कळ्यांचा घात थंडीने केला नव्हता, मी केला होता. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून एथिलिन वायू निघतो. त्याने कळ्या गळतात. त्याच कोळशातून कार्बन मोनॉक्साइडही निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद जागेत तो झोपेतच माणसाचा प्राण घेतो.

पुढील हिवाळ्यात विस्तव वर्ज्य केला. प्लास्टिक दुपदरी लावून मध्ये बोटभर हवा ठेवली. हीच हवा गोधडीचे काम करते. उत्तरेकडील बाजूस गोणपाट बांधले. काळ्या रंगाचे पाण्याचे पिंप उन्हाच्या बाजूस ठेवले. दिवसा साठविलेली ऊब ते रात्रभर सावकाश परत देई. पाणी केवळ सकाळी घालीत असे, कारण पानांच्या गाभ्यात रात्रभर पाणी राहिल्यास रोप कुजते. दुपारी दार उघडून हवा खेळू देत असे. बाहेर १३ अंश असता आत पारा १६ वर राही. त्या वर्षी सर्व कळ्या उमलल्या.

वाचकहो, आमरी फार थोड्यांच्या घरी असेल; परंतु बाळंतिणीच्या खोलीत शेकासाठी शेगडी ठेवण्याची रीत अनेक घरी आहे. वारा लागू नये म्हणून आपण दारे-खिडक्या लावून घेतो. एवढेच सांगावेसे वाटते : शेक होताच शेगडी बाहेर न्यावी, खिडकी थोडी उघडी असावी आणि निखाऱ्यांसह कोणीही झोपू नये. माझ्या हातून केवळ कळ्या गेल्या.