उजवा

कॉम्प्युटरच्या स्पीकरची आपण जोडी म्हणतो खरी, पण ही भावंडं जुळी नव्हेत. बहुतेक घरांत सगळी इस्टेट एकट्या उजव्याच्या नावावर असते. आवाजाचा नॉब त्याच्याकडे, हिरवा दिवा त्याच्याकडे, अॅम्प्लिफायर त्याच्या पोटात, आणि भिंतीतल्या प्लगपर्यंत जाणारी वायरही त्याच्याच पाठीतून निघालेली. डावा म्हणजे नुसता खोका. आत एक कागदी कोन, एक चुंबक आणि उजव्याकडून आलेली बारीकशी वायर. उजवा रुसला की डाव्यालाही गप्प बसावं लागतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना ही व्यवस्था समजावून सांगायला नको.

उजव्याची जागा ठरलेली. टेबलाच्या कोपऱ्यात, मॉनिटरला खेटून. मागे वायरींचा गुंता, ज्यात दिवाळीची साफसफाई सोडली तर कुणी हात घालत नाही. गाणं आवडलं तर श्रेय गायकाला, सिनेमा छान दिसला तर मॉनिटरला. उजव्याचं नाव निघतं ते आवाज बारीक झाला की. "स्पीकर गेला वाटतं!" असं म्हणत घरातला कर्ता पुरुष उठतो आणि त्याच्या डोक्यावर टपली मारतो. टपलीनं कधीकधी आवाज वाढतोही, कारण आत एखादा सांधा सुटत आलेला असतो किंवा पिन ढिली असते. त्यामुळे टपलीवरची घराण्याची श्रद्धा आणखी दृढ होते आणि उजव्याचा छळ पुढच्या पिढीकडे जातो.

त्याची बाजू कुणीतरी मांडायला हवी. सरकारी कचेरीत फाईल शेवटच्या टेबलावर येते तेव्हा वरच्या सगळ्यांनी तिच्यावर शेरे मारलेले असतात. पण शिव्या बसतात शेवटच्या कारकुनाला. उजवा हा तो कारकून. आवाज त्याच्याकडे येण्याआधी व्हिडिओखालच्या पट्टीतून जातो, मग व्हॉल्यूम मिक्सरमधल्या ब्राउझरच्या पट्टीतून, मग विंडोजच्या मुख्य पट्टीतून. तिघांनीही निम्मा निम्मा कापला तर उजव्याच्या हाती सिग्नलचा एक अष्टमांश पडतो. नॉब पूर्ण फिरवून तो तेवढा मोठा करतो, पण त्याच्याबरोबर मागची घूं आणि सूं पण मोठी होते. म्हणून जाणकार माणूस आधी वरची टेबलं गाठतो. खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक केलं की मिक्सर उघडतो, आणि तिथे हमखास एखादी पट्टी तळाशी जाऊन बसलेली दिसते. ती कुणी ओढली हे घरात कुणीच कबूल करत नाही.

त्याच कोपऱ्यात आणखी एक प्रकार घडतो. आवाज जातो कुठे, याचा पत्ता विंडोज परस्पर बदलतं. मॉनिटर एचडीएमआयनं जोडलेला असला आणि त्याच्या पोटात स्वतःचे चिमुकले स्पीकर असले, की आवाज गुपचूप तिकडे वळतो. मॉनिटर पुटपुटत असतो आणि टपल्या उजवा खातो.

पण सगळ्यात बेरकी मंडळी आहे ती जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये. साउंड उघडा, शेवटचा टॅब पाहा: कम्युनिकेशन्स. तिथे विंडोजनं न विचारता एक पर्याय निवडून ठेवलेला असतो. कॉम्प्युटरवरून कुणाशी बोलणं सुरू झालं, असं त्याला वाटलं की बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणायचे. हेतू वाईट नाही. फोन वाजला की आपणही टीव्ही बारीक करतोच. मात्र मुलगा ऑफिसच्या मीटिंगचं अॅप उघडं ठेवून चहाला गेला, आणि आजींनी मागे कीर्तन लावलं, की बुवा एकाएकी कानात सांगितल्यासारखं बोलू लागतात. त्याच टॅबवर 'काहीच करू नका' या अर्थाचा पर्याय आहे. तो निवडावा. कॉम्प्युटरनं न सांगता दाखवलेली सभ्यता मला तरी परवडत नाही.

उजव्याच्या पाठीमागची पिन हा वेगळा अध्याय. साडेतीन मिलिमीटरची ती पिन सीपीयूच्या हिरव्या भोकात जायची असते. गुलाबी भोक माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घेण्याचं. हे रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांच्या पीसी ९९ या मार्गदर्शिकेनं रूढ केले, आणि तेव्हापासून टेबलाखाली पालथं पडून, मोबाइलच्या टॉर्चनं, हिरवं कुठलं आणि निळं कुठलं हे शोधणं सुरू आहे. पिन जवळून पाहिली तर तिच्यावर दोन काळी वलयं दिसतात आणि त्यांनी धातूचे तीन भाग पाडलेले असतात. टोक डाव्याचं, मधला भाग उजव्याचा, आणि बुडाचा भाग दोघांचा सामायिक, परतीचा रस्ता. पिन अर्धवट बसली किंवा भोकात धूळ साठली आणि या बुडाच्या भागाचा संपर्क तुटला, की चमत्कार होतो. प्रत्येक स्पीकरला डाव्या आणि उजव्या आवाजातला फक्त फरक मिळू लागतो. सिनेमाच्या गाण्यात गायक बहुतेक मधोमध ठेवलेला असतो, म्हणजे दोन्हीकडे सारखा. सारख्यातून सारखं वजा केलं की शून्य. मग व्हायोलिनं वाजतात, घुमारा येतो, कोरस ऐकू येतो आणि मुख्य गायक बेपत्ता! जुनं, मोनो ध्वनिमुद्रण लावलंत तर जवळजवळ काहीच उरत नाही, कारण तिथे दोन्ही बाजू सारख्याच. 'जुनी गाणी लागत नाहीत, नवी लागतात' अशी तक्रार कुणी केली तर हसू नका. पिन काढा, कापडानं पुसा आणि खट्ट आवाज होईपर्यंत आत ढकला.

काही वेळा गुन्हा गाण्याचाच असतो. यूट्यूब फार मोठ्या आवाजातलं गाणं स्वतःहून खाली आणतं, पण मुळात बारीक असलेलं वर चढवत नाही. त्यामुळे कुणीतरी कॅसेटवरून उतरवलेली मैफल आणि मधली जाहिरात यांच्यात आजोबांची झोप उडते. डाउनलोड केलेल्या फाईलसाठी व्हीएलसी बरा, त्याची पट्टी १०० च्या पुढे १२५ पर्यंत जाते. मात्र तिथे आवाजाची शेंडी छाटली जाऊ लागते आणि तार सप्तक चिरकतं. रिअलटेकचा ड्रायव्हर असलेल्या बऱ्याच मशिनांवर 'लाउडनेस इक्वलायझेशन' नावाची खूण सापडते. भाषणं, बातम्या, कीर्तनं यांसाठी ती उत्तम, कारण हळू बोललेलं वर उचललं जातं. शास्त्रीय गाण्याला मात्र तिचा हात लावू देऊ नका. षड्जावरची कुजबुज आणि तान एकाच मापाची करून ठेवते ती.

उजवा अगदी धुतल्या तांदळासारखा आहे असं मात्र नाही. नॉब फिरवताना खरखर येते, एका ठरावीक कोनात डावा गप्प होतो, ही त्याची स्वतःची दुखणी. नॉबच्या आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावर धूळ बसते. वीज बंद करून नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत बऱ्याचदा फिरवला की पुष्कळदा भागतं. नाही भागलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा. कोनाच्या कडेचा फोम दमट हवेत कुजतो, कपॅसिटर वर्षानुवर्षं तापून सुकतात, हे वयाचे आजार. त्यांना पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर अजूनही वैद्य मिळतात, फक्त औषध नव्या जोडीइतकं महाग नाही ना, हे आधी विचारावं.

आणि एक शक्यता अशी, की सगळं ठीक असतं.

"अगं, जरा वाढव की."

"बाबा, फुल आहे!"

"मग बोलतायत काय ते कळत का नाही?"

वय वाढतं तसे आधी उंच सूर कानातून निसटतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं त्याच पट्टीत असतात. आवाज येतो, शब्द येत नाहीत. नॉब फिरवून यातलं फारसं काही परत येत नाही, शेजारचे तेवढे येतात. अशा वेळी मेकॅनिकऐवजी कानाच्या डॉक्टरांची वेळ घ्यावी, आणि हे बाबांना सांगायचं काम सुनेवर ढकलू नये.

एवढं सगळं करूनही नवी जोडी घ्यायचीच ठरली, तर दुकानात दोन गोष्टी बघा. यूएसबीवरच चालणारा स्पीकर साध्या २.० पोर्टमधून ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेऊ शकतो, म्हणजे अडीच वॉट. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट शक्ती लागते, तेव्हा त्याच्याकडून हॉल भरण्याची अपेक्षा ठेवू नका. आणि खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेला '१००० वॉट पीएमपीओ' वाचूच नका. तो मोजायची कुठलीही सर्वमान्य रीत नाही. सोबतचा अॅडॉप्टर उलटा करा. त्यावर ९ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलेलं असेल तर आत जाणार ९ वॉट, बाहेर हजार येणार कुठून? आरएमएसचा आकडा विचारा, आणि दुकानदारानं तो सांगायला टाळाटाळ केली तर खोकं परत फळीवर ठेवा.