व्हिएन्नाची कॉफी, हिंगोलीचा चहा

व्हिएन्नात कॉफीसोबत ट्रेमध्ये पाण्याचा ग्लासही येतो. लाकडी दांडीला लावलेला पेपर घ्या आणि एका कपावर तासन् तास बसा, कोणी उठवत नाही! ऑस्ट्रियाने २०११ मध्ये ही कॉफीहाऊस संस्कृती आपल्या वारशाच्या यादीतच घातली.

मला त्याचं फार नवल नाही. आमच्या हिंगोलीत हाफ चहावर, पेपरची पानं वाटून घेत, अख्खं राजकारण होतं. परभणीतून जिल्हा वेगळा झाला १९९९ ला. हॉटेलच्या बाकांवर तो आधीच झाला होता म्हणे!

नवल वाटलं शेजारच्या टेबलावरच्या आजींचं. एकट्याच, निवांत पेपर वाचत होत्या. आईने जन्मभर घरात सगळ्यांना चहा केला, पण त्या बाकावर ती कधीच बसली नाही.

दिवाळीत तिला तिथे नेणार आहे. लोक बघतील. बघू देत.