फुलपुडी

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत माझे वडीलही होते. लालबागच्या आमच्या खोलीत एकेक खर्च आटत गेला. आधी मटण गेलं, मग दूध पाव लिटरवर आलं, मग आईच्या बांगड्या सराफाकडे गेल्या. दाराच्या कडीला अडकवली जाणारी फुलपुडी मात्र चालू राहिली. दूर्वा, तुळस, दोन झेंडू, एक जास्वंद. किंमत चार आणे.

"अगं, देवाला अक्षताही चालतात," आजी म्हणायची.

"देवाला चालतील हो, पण फुलवालीचं कसं चालेल? तिचा नवराही संपावरच आहे," आई सांगायची.

आणि महिनाअखेरीला आमच्याकडे पैसे नसले की तीच फुलवाली वहीत मांडून ठेवायची, पुडी थांबवायची नाही. भोंगा वाजेनासा झाल्यावर वडिलांच्या सकाळी रिकाम्या झाल्या होत्या. अंघोळ करून पुडी सोडायची आणि पूजा मांडायची, एवढं एक काम त्यांच्या हाताला उरलं होतं. चार आण्यांत तेही येत होतं.

पुढे कॉलेजात अर्थतज्ज्ञ केन्स वाचला. महामंदीत, जानेवारी १९३१मध्ये, त्यानं बीबीसीवरून गृहिणींना खरेदीला बाहेर पडायचं आवाहन केलं होतं. सगळ्यांनीच मूठ आवळली तर कुणाची तरी मजुरी बुडते, हा त्याचा मुद्दा. आमची मजुरी बुडालेलीच होती, म्हणून तो मला लगेच पटला.

२००८च्या मंदीत माझा पगार कापला गेला, तेव्हा गाडी घ्यायचा बेत आम्ही रद्द केला, पुडी ठेवली. २०२०च्या टाळेबंदीत दादरचा फुलबाजारच बंद पडला आणि पुडी पहिल्यांदा थांबली. तोवर धंदा फुलवालीच्या सुनेकडे आला होता. तिला त्या महिन्यांचे पैसे आम्ही मोबाइलवरून पाठवत राहिलो. वहीतली ती जुनी उधारी मी विसरलो नव्हतो.

कर्ज काढून केलेल्या दिखाऊ खर्चाचं समर्थन मी करणार नाही. पण हात आखडायची वेळ आली, तर काट आधी हप्त्यांच्या वस्तूंवर मारा. रोज आपल्या दाराशी येणाऱ्या माणसाचे पैसे सगळ्यात शेवटी बंद करा.