बोट दाखवणाऱ्या पाट्या

गावच्या नाक्यावर उभ्या असलेल्या पाट्यांचे एक वैशिष्ट्य असते. ज्या भातगिरणीकडे त्या बोट दाखवतात ती बंद पडून वर्षे लोटली तरी पाटी जागची हलत नाही. नवखा वाटसरू तिच्या भरवशावर वळतो आणि ओसाड ओट्यापाशी जाऊन परततो. पाटी उपटल्याने गिरणी पडत नाही आणि पाटी राखल्याने ती पुन्हा सुरू होत नाही. रस्त्यावर ही गोष्ट कुणालाही पटते. संगणकाच्या पडद्यासमोर बसल्यावर मात्र भलेभले ती विसरतात, असा आमचा अनुभव आहे.

संगणकाचा पडदा म्हणजे कामाचे मेज, ही कल्पना अमेरिकेत पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात आकाराला आली. १९८१ साली आलेल्या 'झेरॉक्स स्टार' या संगणकावर कागद, फाईली आणि फोल्डर चित्रांच्या रूपाने मांडलेले होते. १९८४ च्या 'मॅकिंटॉश'ने ही मांडणी सामान्य माणसाच्या घरात नेली. तेव्हा मेजावर जे दिसे ते बहुतांशी तिथेच असे. पुढे वस्तू एका जागी आणि तिची खूण दुसऱ्या जागी, अशी सोय निघाली. १९९१ साली मॅकिंटॉशवर ती 'एलियस' या नावाने आली, तर २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेल्या 'विंडोज ९५'ने तिला 'शॉर्टकट' हे नाव दिले. चिन्हाच्या डाव्या कोपऱ्यात खाली एक चिमुकला बाण असेल, तर ते चिन्ह म्हणजे मूळ वस्तू नव्हे, केवळ तिच्याकडे बोट दाखवणारी पाटी आहे, असे समजावे.

सोय चांगलीच होती. पण ती आपल्यापेक्षा विक्रेत्यांना अधिक आवडली. नवा प्रोग्राम बसवताना 'डेस्कटॉपवर शॉर्टकट ठेवू का?' असा प्रश्न असतो आणि पुष्कळदा होकाराची खूण आधीच केलेली असते. आपण घाईने पुढे जातो. अशा रीतीने, न बोलावता आलेल्या पाहुण्यांनी ओटी भरून जाते.

आमच्या थोरल्या बंधूंच्या संगणकाची अवस्था अशीच झाली होती. त्यांना जाऊन दोन वर्षे झाली. संगणक आता वहिनी वापरतात, तोही एकाच कामासाठी: कॅनडात असलेल्या लेकीशी समोरासमोर बोलण्यासाठी. पण ते एक चिन्ह त्रेसष्ट चिन्हांच्या गर्दीत सापडेना. शेजारचा मुलगा घरी असेल त्या दिवशी बोलणे होई. नसेल त्या दिवशी वहिनी पडद्याकडे पाहत बसत आणि तिकडे लेक वाट पाहत राही. पडद्यावरची अडगळ म्हणजे केवळ दिसण्याचा प्रश्न, असे ज्यांना वाटते त्यांनी डोळे अधू झालेल्या माणसाच्या शेजारी घटकाभर बसून पाहावे.

पुतणीने फोनवरून उपाय सांगितला. "काका, सगळे शॉर्टकटच आहेत. सगळे निवडा आणि एकदम काढून टाका." वहिनींचा जीव मात्र धजेना. "भाऊजी, त्यांनी ठेवलंय म्हणजे कशासाठी तरी ठेवलं असेल. काढलं आणि त्यांचं काही गेलं, तर?"

आम्हांला दोघींचेही म्हणणे अर्धे बरोबर वाटले. म्हणून रविवारच्या मिस्सानंतर आम्ही वहिनींसह संगणकासमोर बसलो आणि आधी गणती केली. बाण असलेली चिन्हे एकावन्न निघाली, बाण नसलेली बारा. मग बंधू ज्यावर हिशेब लिहीत त्या प्रोग्रामचा शॉर्टकट वहिनींच्या डोळ्यांदेखत काढला आणि लगेच 'स्टार्ट'च्या यादीतून तोच प्रोग्राम उघडून दाखवला. पाटी गेली, घर जागच्या जागी होते. काढलेली पाटीही 'रिसायकल बिन'मध्ये होती. हवी तर परत आणता आली असती. वहिनींनी एक सुस्कारा टाकला आणि माऊस स्वतःच्या हाती घेतला.

एकावन्नांपैकी सतरा उघडेनात. त्यांत विकून टाकलेल्या प्रिंटरचे एक होते, कधीच काढून टाकलेल्या खेळांची काही होती. पण न उघडणारी प्रत्येक पाटी मृत असते असे नाही. 'विंडोज ७'मध्ये एक व्यवस्था होती: डेस्कटॉपवर चारांपेक्षा अधिक शॉर्टकट तुटलेले आढळले, तर देखभालीच्या वेळी यंत्र ते सारे आपणहून काढून टाकी. त्या घटकेस न जोडलेल्या डिस्ककडे नेणारे शॉर्टकटही त्यामुळे तुटलेलेच ठरत. त्याआधीच्या 'विंडोज एक्सपी'त दर साठ दिवसांनी, न वापरलेली चिन्हे बाजूला ठेवू का, असे यंत्र विचारीत असे. कुठल्या पाटीकडे किती दिवस कुणी फिरकले नाही, हे यंत्राला कळते. ती कुणी आणि का लावली, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. आमच्या सतरांपैकी एकाच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये पाहिले, तर पत्ता बाहेरच्या डिस्कचा होता. वहिनींनी कपाटातून डिस्क आणली, जोडली आणि चिन्ह उघडले. आत लेकीच्या लग्नाची छायाचित्रे होती. ते ठेवले, उरलेले सोळा काढले.

चालू असूनही नको असलेले तीस होते. त्यांपैकी काही काढताना यंत्राने प्रशासकाची परवानगी मागितली. कारण ती चिन्हे संगणक वापरणाऱ्या सर्वांसाठी असलेल्या सामाईक फोल्डरात होती. परवानगी देताच तीही गेली. हवीशी अशी चारच उरली आणि त्यांत लेकीशी बोलण्याचे चिन्ह होते. ते आम्ही सर्वांत वर आणून ठेवले.

आता बाण नसलेली बारा. त्यांत दोन यंत्राची स्वतःची, रिसायकल बिन आणि संगणकाचे चिन्ह. उरलेल्या दहा मात्र पाट्या नव्हत्याच, ती घरेच होती: डेस्कटॉपवर ठेवलेल्या बंधूंच्या मूळ फाईली. सगळे एकदम निवडून काढले असते तर याही गेल्या असत्या. आणि शिफ्टची कळ दाबून काढले असते तर रिसायकल बिनमध्येही सापडल्या नसत्या.

त्या दहांत केळीच्या बागेचे हिशेब होते, दोन अर्धवट पत्रे होती आणि 'वंशावळ' नावाची एक फाईल होती. बंधू निवृत्तीनंतर धर्मग्रामातील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या पाहत आणि वाडीतील म्हाताऱ्यांकडे बसत, हे आम्हांला ठाऊक होते. त्यांनी ते सारे टिपून ठेवले आहे, हे वहिनींनाही ठाऊक नव्हते. सहा पिढ्यांची नावे, कुणाची सोयरीक कुठे झाली, कोणते घर कोणत्या विहिरीपाशी होते. एका खेळाच्या आणि त्या विकलेल्या प्रिंटरच्या चिन्हांमध्ये ही फाईल दोन वर्षे पडून होती. रोज डोळ्यांसमोर असूनही कुणाला दिसली नव्हती.

दहाही फाईली एका फोल्डरात ठेवल्या, पेन ड्राईव्हवर त्यांची दुसरी प्रत केली. पडद्यावर आता आठ चिन्हे आहेत. ज्यांच्या घरी असा संगणक आहे, त्यांना आमचे एवढेच सांगणे: बाण पाहिल्यावाचून काही काढू नका, आणि बाण दिसल्यावर काढायला भिऊ नका. विशेषतः तो संगणक आता हयात नसलेल्या माणसाचा असेल, तर कुणा चलाख मुलावर सोपवून मोकळे होऊ नका. ज्याला त्या माणसाची ओळख आहे अशा कुणी तरी शेजारी बसावे.

वहिनी आता लेकीशी बोलण्यासाठी कुणाची वाट पाहत नाहीत. वंशावळीत बंधूंनी सात जागा प्रश्नचिन्ह घालून मोकळ्या सोडल्या आहेत. त्यांपैकी दोहोंची उत्तरे देऊ शकेल अशी एक वृद्धा वाडीत अजून आहे. येत्या रविवारी वही घेऊन वहिनी तिच्याकडे जाणार आहेत.