मिरजेत गाणं ऐकायचं तर...

आमच्या भाच्याचा पुण्याहून फोन आला. तो तिथे संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. म्हणाला, "मामू, उरुसकू मेरे दो दोस्त आनेवाले हैं. मिरजमें गाना सुननेकू कां कां जाना, जरा लिखके रखो." पुण्या-मुंबईत म्हणे अशा जागांची यादीच असते. कोणत्या हॉटेलात कोणत्या वारी कोण गातो, आत जायला पैसे किती, बसायला कुठे बरे. आम्ही हो म्हटले, जुन्या कॅलेंडरचे पान उलटे केले, पहिल्या ओळीत 'दर्गा' लिहिले आणि पेन तिथेच थांबला. कारण फोन ठेवता ठेवता पोरगा म्हणाला होता, "अब्बाकू मत बोलो."

हे अब्बा म्हणजे आमचे दुल्हाभाई. त्यांचे पुढे येईलच. आधी यादीतल्या सोप्या जागा लिहून टाकतो.

मिरजेत गाण्याचे हॉटेल नाही. इथे गाणे हंगामात येते, जसा भोपळा येतो तसा. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात नऊ रात्री संगीत सभा असते. बाहेरगावचे नामवंत येतात, तिकीट नसते. लहानपणी आम्ही मंडपाच्या कडेला बसून ऐकले आहे, कोणी 'तू कुणाचा' म्हणून विचारले नाही. नाटकाची पदे ऐकायची असतील तर बालगंधर्व नाट्यगृह. त्या जागी पूर्वी हंसप्रभा थिएटर होते आणि १९०५ साली नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, पहिल्यांदा शकुंतला होऊन रंगभूमीवर आले ते याच गावात. आता तिथे गाण्याबरोबर शाळांची स्नेहसंमेलने आणि सत्कार समारंभही होतात. तेव्हा आधी चौकशी करून जावे. पलुस्करबुवा याच गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले, पुढे १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. गाण्याची परीक्षा देणारी पोरे-पोरी मिरजेत अजूनही गल्लोगल्ली भेटतात. संध्याकाळी ब्राह्मणपुरीतून चालत गेले तर दोन-चार खिडक्यांतून पेटी ऐकू येते. तीही ऐकण्याची जागाच आहे, यादीत बसत नाही एवढेच.

आता आमची गल्ली.

मिरजेच्या सतारी आणि तंबोरे देशभर जातात हे वाचकांना माहीत असेल. २०२४ साली दोन्हींना भौगोलिक मानांकनही मिळाले. या धंद्याचे मूळ पुरुष फरीदसाहेब. त्यांचे घराणे शिकलगारांचे, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्यांचे. लढाया संपल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरले नाही. संस्थानात गवई होते, त्यांची वाद्ये बिघडत होती, आणि ती नीट करणारे हात या लोकांचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ही माणसे तलवारीकडून तारेकडे आली. इतिहासात असे वळण क्वचित दिसते. आमच्या समाजाच्या पुस्तकांतून त्यावर एक धडाही नाही, याचे आम्हांला वाईट वाटते.

भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. लाकूड तुणाचे. भोपळा वाळवायचा, कापायचा, भिजवून आकार द्यायचा, गळा बसवायचा, दांडी चढवायची, नक्षी, पॉलिश, खुंट्या, तारा. आणि शेवटी जवारी. घोडीच्या पाठीवर कानस इतकी हलकी फिरवायची की तार सुटताना घोडीला किंचित घासत सुटली पाहिजे. जास्त घासली तर आवाज बसतो, कमी घासली तर तार कोरडी वाजते. बरोबर जमले की एकाच तारेतून पाच-सात स्वर उमलल्यासारखे वाटतात. हे मोजायला यंत्र नाही, कानच लागतो. आमच्या गल्लीत असे कान घरोघर होते. त्यांतले बहुतेक सुतारकाम करणाऱ्या, पाच वक्त नमाजी माणसांचे होते. त्यांना राग ओळखता येत असत, पण 'मला गाण्यातले कळते' असे कोणी म्हणत नसे.

भाच्याच्या यादीत आम्ही हे ठळक लिहिले : सकाळी दहाच्या सुमारास कोणत्याही दुकानाच्या पायरीवर बसावे. आत एखादा तंबोरा लागत असतो. चहा मागवू नये, तेच मागवतात. मिरजेत सगळ्यांत चांगले गाणे ऐकायची जागा आमच्या मते हीच, आणि तिथे गाणारा कोणीच नसतो. मात्र पूर्वीइतके तंबोरे आता लागत नाहीत. मोबाइलमध्येच तंबोरा आला, बटण दाबले की वाजतो. पोरे कारखान्यात, दवाखान्यात, पुण्यात गेली. आमचा भाचाही त्यातलाच. आम्ही स्वतः शाळेत मास्तर झालो.

अब्बा मात्र चाळीस वर्षे तंबोरेच करत राहिले. घरात भिंतीला वाद्ये टेकलेली असत, पण गाणे नसे. तार लावून पाहणे हा रोजगार होता, तो हलाल. पोराने त्या तारेवर गळा लावला तर अब्बांची नजर वर येई, तेवढी पुरे होई. तरी उरुसाच्या तीन रात्री अब्बा घरी नसत. ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यात, चिंचेच्या झाडाखाली, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आठवणीची बैठक असते. अब्बा तिथे जात. पण बसत नसत. चपला काढतात तिथे, कमानीच्या कडेला, उभे राहत. एकदा आम्ही धीर करून विचारले, "अब्बा, तुम गाना सुननेकू जाते?"

"गाना नै सुनता," अब्बा म्हणाले. "जवारी सुनतूं."

मोहल्ल्यातही ते हेच सांगत. मंचावरचा तंबोरा आपल्या दुकानातला आहे, तो कसा बोलतो ते पाहायला जातो. धंद्याचे काम! कोणाला हरकत घ्यायला जागा राहत नसे. आम्हांला कळायला फार वर्षे लागली की काही रात्री मंचावरचा तंबोरा दुसऱ्याच दुकानातला असे, आणि अब्बा तरीही भैरवीपर्यंत उभे असत.

भाच्याला आणि त्याच्या मित्रांना या अंगणाची ओळख करून द्यायची तर थोडे मागून सांगावे लागेल. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला ही पोरे तिकीट काढून जातात. १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला. ते गुरू, कुंदगोळचे रामभाऊ, खाँसाहेबांचे शागीर्द. खाँसाहेब १८७२ साली उत्तरेत कैराण्यात जन्मले, बडोद्याहून हिंडत इकडे आले आणि मिरजेचे झाले. प्लेगात आजारी पडले, दर्ग्यात येऊन ख्वाजांपुढे गायले आणि बरे झाले, असे जुने लोक सांगतात. ते या चिंचेखाली रियाज करत, असेही सांगतात. खाँसाहेबांना वाद्ये दुरुस्त करायचा नाद होता, ते स्वतः हत्यारे घेऊन बसत. आमच्या गल्लीला त्यांचे प्रेम आहे ते गाण्याइतकेच यासाठी. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी मद्रासकडून पाँडिचेरीला जाताना वाटेत छातीत दुखू लागले, म्हणून सिंगपेरुमलकोइल स्टेशनावर उतरले. फलाटावर नमाज पढले, तंबोरा लावायला सांगितला, दरबारीत अल्लाहचे नाव घेत घेत गेले, असे त्यांचे शिष्य सांगत आले. मय्यत मिरजेला आणली आणि दर्ग्याच्या आवारात दफन केली. मजार आजही तिथे आहे. ग्वाल्हेरला तानसेनाच्या मजारीशेजारीही चिंचच आहे. गवयांच्या वाट्याला हे झाड का येते कोण जाणे.

उरुसाला पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. मग संदल, फातेहा, पाळणे, मिठाई. आणि रात्री बैठक. इथे कलाकार बिदागीसाठी येत नाही, हजेरी लावायला येतो. भीमसेन आले, गंगूबाई आल्या, खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई आल्या. तिकीट नाही, खुर्च्या थोड्या, सतरंजी पुष्कळ.

२००९ च्या सप्टेंबरात गणेशोत्सवात गावात दंगल झाली, संचारबंदी लागली. त्यानंतर बरेच दिवस बाजारात लोक एकमेकांची नजर चुकवत. शेजारच्या पेठेतले एक गृहस्थ, आमच्याच शाळेतले सहकारी, आमच्याशी कामापुरतेच बोलत. खरे तर आम्हीही तसेच. पुढच्या उरुसात रात्री एकच्या सुमारास ते सतरंजीवर आमच्या शेजारी येऊन बसले. काही बोलले नाहीत. विलंबित संपून द्रुत सुरू झाले तेव्हा त्यांनी पानाचा डबा आमच्याकडे सरकवला. आम्ही पान खात नाही. त्या रात्री खाल्ले.

आता दुल्हाभाईंविषयी. त्यांना गाणे चालत नाही. वाचकांनी लगेच त्यांचे चित्र रंगवू नये. आमचे अब्बा शेवटच्या आजारात होते तेव्हा रात्री-अपरात्री दवाखान्यात धावणारा माणूस हाच. दाढी ठेवली, जमातीबरोबर जाऊ लागले, जुगार आणि दारू सुटलेल्या दोन-तीन पोरांना मार्गाला लावले. ते आम्हांला एकदा ओट्यावर बसून म्हणाले, "मजारीवर फातेहा द्या, सलाम करा, घरी या. रात्रभर तबला आणि फजर कझा, यात कोणते दीन?" आम्ही समाचा विषय काढला. चिश्ती बुजुर्गांची नावे घेतली. ते म्हणाले, त्या बुजुर्गांच्या अटी होत्या, त्या तुम्ही पाळता का? आम्ही गप्प झालो. खुद्द हजरत निजामुद्दीन औलियांना दिल्लीत गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात समाबद्दल जाब द्यावा लागला होता. तिथे जो प्रश्न मिटला नाही तो आमच्या ओट्यावर काय मिटणार? आम्ही आलिम नाही. फजर मात्र आमची खरोखर दोनदा चुकली आहे, हे कबूल करतो.

पण एक गोष्ट दुल्हाभाईंना सांगायची राहून गेली, ती इथे लिहितो. अंगण आपले, मजार आपल्या माणसाची, मंचावरचे तंबोरे आपल्या गल्लीतले. आणि सतरंजीवर पाहावे तर आपली माणसे थोडी. जी येतात ती कडेला, कमानीशी, चपलांजवळ. कोणी हाकललेले नसते. उलट 'या, पुढे या' म्हणून संयोजक हाताने बोलावतात. तरी पाय पुढे होत नाहीत. ऐकायचे तर आहे, पण ऐकताना दिसायचे नाही. अब्बांची जवारीची सबब आम्ही सगळ्यांनी वारशाने घेतली आहे. पुढे कधी कोणी विचारले, की या बैठकीशी तुमचा काय संबंध, तर आमच्याकडे दाखवायला तंबोऱ्याची पावती असेल, बसल्याची खूण नसेल.

म्हणून भाच्याच्या यादीत शेवटी आम्ही असे लिहिले : दर्गा. रात्री दहानंतर. उरूस चांद्र महिन्याने दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, सध्या थंडीत येतो, शाल आणावी. आधी मजारीवर सलाम, मग बैठक. चपला पिशवीत घालून जवळ ठेवाव्यात, म्हणजे तिथे उभे राहायला निमित्त उरत नाही. डाव्या अंगाला, तंबोऱ्याच्या समोर, पुढून तिसऱ्या रांगेत बसावे. फजरच्या आधी उठावे.

पोरे आली. आमच्या बहिणीने घरी पुलाव केला, मुलाला हळूच विचारले, "किधर जारा?" तो म्हणाला, "मामूके साथ." तिने पुढे विचारले नाही. गाठोड्यातून एक जाड शाल काढून दिली.

रात्री आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो होतो. धारवाडकडचे एक गवई मालकंस गात होते. भाच्याचा एक मित्र मांडीवर ताल धरत चुकत होता, पण जोरात चुकत होता. दोनच्या सुमारास भाच्याने आम्हांला कोपराने ढोसले. आम्ही मागे पाहिले. कमानीच्या कडेला, चपलांच्या ढिगाजवळ, दुल्हाभाई उभे होते. डोक्याला मफलर, हातात मोटारसायकलची किल्ली. पोराला न्यायला आले असणार.

भाचा अर्धवट उठला. त्यांनी लांबूनच हाताने 'बस' अशी खूण केली.

आम्ही उठून त्यांच्याजवळ गेलो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत, मंचाकडे पाहत राहिले. गवई थांबले, तबलजी हातोडीने ठोकू लागला, आणि मधल्या शांततेत नुसते दोन तंबोरे वाजत होते.

"उजवीकडचा तंबोरा कुणाचा?" दुल्हाभाईंनी विचारले. "अब्बांच्या हातचा वाटतो."

तो अब्बांच्या हातचा नव्हता. आम्ही म्हणालो, जवळ जाऊन ऐकू या.