मागच्या ओझ्याचा लगाम

नाशिकरोडच्या एका धान्य व्यापाऱ्याच्या घरी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात जी घटना घडली, तिची नोंद कोणत्याही वृत्तपत्रात आली नाही. येण्यासारखे त्यात काही नव्हतेही. सिन्नरकडून सोयाबीनची पोती भरून निघालेला ट्रॅक्टर मोहदरी घाटाच्या उतारावर परतीच्या पावसात सापडला. मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागली. ड्रायव्हरने समोरून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला वाचवण्यासाठी गाडी डोंगराच्या बाजूला मातीत घातली. ट्रॉली आडवी झाली, ताडपत्री फाटली आणि पोती चिखलात पसरली. ड्रायव्हरच्या मनगटाचे हाड मोडले. मोटारसायकलवाला थोडा वेळ तेथे उभा राहिला आणि काही न बोलता निघून गेला.

दुकानाचा कारभार पाहणारे काका सत्तरीला आलेले आणि त्यांचा पुतण्या तिशीतला. ते दोघे सायंकाळी ड्रायव्हरच्या घरी गेले. वीस वर्षे एकाच दुकानाची गाडी चालवणाऱ्या त्या माणसाला घरातली मुले ‘मामा’ म्हणत. मामांनी नुकसानीबद्दल क्षमा मागितली. काकांनी हाताने थांबवले, तेव्हा ते म्हणाले, “शेठ, रिकामा असला की ट्रॅक्टर माझा असतो. भरलेली ट्रॉली मागून लोटायला लागली की तो माझा राहत नाही.”

परतताना पुतण्या म्हणाला, “काका, ट्रॅक्टरचे ब्रेक तर गेल्याच महिन्यात नवे घातले होते. मग हे झाले कसे?”

काकांनी उत्तर दिले नाही. घरी आल्यावर त्यांनी कपाटातून दोन वर्षांपूर्वीची वही काढली. ट्रॉली बनवून घेतली त्या वेळी वर्कशॉपवाल्याने दोन भाव दिले होते, एक बिनब्रेकच्या ट्रॉलीचा आणि दुसरा ब्रेकसहित. दुसऱ्या आकड्यावर काकांच्याच हाताने रेघ मारलेली होती आणि शेजारी लिहिलेले होते, ‘सध्या नको.’

त्या रात्री जो हिशेब त्यांनी दोन वर्षांपूर्वी करायला हवा होता, तो पुतण्याला समोर बसवून केला. तो हिशेब ट्रॅक्टर-ट्रॉली बाळगणाऱ्या प्रत्येक व्यापारी कुटुंबाने एकदा तरी कागदावर मांडावा असा आहे.

ट्रॅक्टरचे वजन सुमारे २,००० किलो धरले. सामान्य ट्रॅक्टरला ब्रेक असतात ते फक्त मागच्या दोन चाकांना, आणि त्या चाकांवर साधारण १,३०० किलो भार येतो. ट्रॉलीचे स्वतःचे वजन २,००० किलो आणि माल ४० क्विंटल, म्हणजे ४,००० किलो. अशा रीतीने थांबवायचे एकूण ओझे ८,००० किलो झाले, आणि थांबवणारी चाके मात्र दोनच राहिली. कोरड्या डांबरावर टायरची पकड भाराच्या सहा दशांश धरली, तर ही दोन चाके जास्तीत जास्त ७८० किलोचा रोध देऊ शकतात. ब्रेक कितीही नवे असले तरी त्याहून अधिक नाही. कारण त्यापुढे चाक जागीच अडकते आणि घसरू लागते.

आता ताशी ३० किलोमीटरचा वेग घ्यावा. एकटा ट्रॅक्टर ब्रेक लागल्यापासून सुमारे ९ मीटरमध्ये थांबतो. भरलेल्या ट्रॉलीसह त्याला सपाट रस्त्यावर ३६ मीटर लागतात. रस्ता वीस फुटांना एक फूट उतरत असेल तर उतारच ओझ्याला ४०० किलोच्या जोराने पुढे ओढतो, आणि थांबण्याचे अंतर ७५ मीटरच्या घरात जाते. पाऊस पडून टायरची पकड निम्मी झाली, तर दोन चाकांचा रोध ३९० किलोवर येतो. उताराची ओढ मात्र ४०० किलोच राहते.

पुतण्याने वजाबाकी केली आणि पेन खाली ठेवले. उत्तर उणे येत होते. म्हणजे त्या उतारावर, त्या पावसात, ती गाडी थांबणे शक्यच नव्हते. मामांनी पाय कितीही दाबला असता तरी फरक पडला नसता.

“गिअर खालचा टाकला असता तर?” त्याने विचारले.

“इंजिनचा रोधही त्याच दोन चाकांतून रस्त्यावर उतरतो,” काका म्हणाले. “पकड त्यांचीच संपलेली होती.”

हा प्रश्न केवळ शेतमालाच्या ट्रॉलीचा नाही. काकांचा जावई अमेरिकेत असतो. दिवाळीच्या शुभेच्छांसाठी त्याचा फोन आला, तेव्हा त्याने आपल्या शेजाऱ्याची गोष्ट सांगितली. तिकडे निवृत्त दाम्पत्ये बसएवढ्या मोठ्या घरगाडीतून देश फिरतात आणि मुक्कामाच्या गावी फिरण्यासाठी एक लहान मोटार मागे बांधून नेतात. दीड टनाची ती मोटार ओढली जात असताना तिचे स्वतःचे ब्रेक निकामी असतात, कारण तिचे पेडल दाबायला आत कोणी नसते. घरगाडीचे ब्रेक तिच्या स्वतःच्या भरलेल्या वजनापुरते बेतलेले असतात. म्हणून मागच्या मोटारीसाठी वेगळी जोडब्रेक यंत्रणा घेतली जाते. काही जण चालकाच्या आसनापुढे एक पेटी ठेवतात. पुढची गाडी मंदावली की पेटीतील दांडा पेडल दाबतो. ही पेटी काढघाल करता येते, पण दर वेळी नीट बसवावी लागते. काही जण मोटारीतच कायमची यंत्रणा बसवून घेतात. ती महाग पडते, पण रोजची खटपट वाचते. उत्तम यंत्रणा पुढची गाडी जितकी मंदावेल तितक्याच प्रमाणात मागचा ब्रेक लावते, आणि जोड तुटून मोटार सुटलीच तर तो आपोआप पूर्ण लागेल अशी तजवीज तिच्यात असते. अनेक राज्यांत सुमारे १,३६० किलोहून जड ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक कायद्यानेच लागतो. तरीही “माझी गाडी मोठी आहे, थांबते व्यवस्थित,” असे म्हणणारे तिकडेही भेटतात.

नाशिकरोडच्या माणसाला यासाठी अमेरिकेपर्यंत जाण्याचेही कारण नाही. येथून मुंबईला जाणारी प्रत्येक रेल्वेगाडी इगतपुरीनंतर कसाऱ्याचा घाट उतरते. त्या घाटात चढ ३७ फुटांना एक फूट आहे. चढताना कसाऱ्याला मागे जादा इंजिने लावतात, हे सर्वांना ठाऊक असते. उतरताना गाडी कोण सांभाळते, याचा विचार प्रवासी करत नाही. केवळ इंजिनाच्या ब्रेकवर ती गाडी सांभाळणे शक्य नाही. प्रत्येक डब्याला आपला ब्रेक असतो. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले. पुढे १८७२ मध्ये त्यांनी त्यात अशी सुधारणा केली की नळी फुटली किंवा डबा सुटला तर ब्रेक आपोआप लागावा. ओझे जेथे असेल तेथेच त्याचा लगाम असावा, हे तत्त्व रेल्वेने दीडशे वर्षांपूर्वी स्वीकारले. ट्रॉलीच्या बाबतीत मात्र आपण अजून भाव विचारून रेघ मारतो.

दिवाळी आटोपल्यावर काका आणि पुतण्या वर्कशॉपमध्ये गेले. त्यांच्यापुढे तीन पर्याय होते.

पहिला पर्याय सर्वांत स्वस्त होता. त्यात ट्रॉलीचा ओढदांडा थोडा मागेपुढे सरकणारा असतो. ट्रॅक्टर मंदावला की ट्रॉली पुढे रेटते, दांडा आत सरकतो आणि त्याला जोडलेली सळई चाकांचे ब्रेक ओढते. ट्रॅक्टरला काहीच जोडावे लागत नाही. सपाट मुलखात हे चालून जाते. पण लांब उतारावर ट्रॉली सतत रेटत राहते, ब्रेक सतत घासत राहतो आणि तापून त्याचा जोर ओसरतो. शिवाय तो चालकाच्या मर्जीने लागत नाही. मागे घेताना खिट्टी लावली नाही तर चाके अडकतात.

दुसरा पर्याय तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक ब्रेकचा. ट्रॅक्टरच्या पेडलला जोडलेल्या व्हॉल्व्हमधून तेलाचा दाब ट्रॉलीच्या चाकांपर्यंत जातो. चालक जितका पाय दाबेल तितका मागचा ब्रेक लागतो. उणीव एवढीच की नळी फुटली तर ब्रेक जातो.

तिसरा पर्याय हवेच्या ब्रेकचा. त्यासाठी ट्रॅक्टरवर कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी बसवावी लागते. दोन नळ्यांच्या रचनेत नळी तुटली तर ब्रेक आपोआप लागतो. रोज लांब पल्ल्याची वाहतूक करणाऱ्याने हाच घ्यावा, असे मिस्त्रीने स्पष्ट सांगितले. खर्चही सर्वांत जास्त याचाच होता.

पुतण्याचा कल पहिल्याकडे होता. “काका, वर्षातून तीन महिनेच तर माल येतो.”

“तो येतो घाटातून,” काका म्हणाले.

तोच मुद्दा निर्णायक ठरला आणि पहिला पर्याय बाद झाला. एकच ट्रॅक्टर, एकच चालक आणि हंगामापुरती फेरी पाहून हायड्रॉलिक ब्रेक ठरला, तोही चारही चाकांना. त्याची उणीव भरून काढण्यासाठी वेगळी तार घेतली. ट्रॉली सुटलीच तर ती तार ट्रॉलीचा हातब्रेक ओढून धरते. ओढदांड्याला जोडसाखळीही लावली. कागदावरचा हिशेब पुन्हा मांडला. ट्रॉलीच्या चाकांनी ओल्या रस्त्यावर शक्य त्याच्या निम्माच, म्हणजे ९०० किलोचा रोध दिला, तरी त्याच उतारावर तीच गाडी सुमारे ३२ मीटरमध्ये थांबते.

विमा प्रतिनिधीने त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, मग त्याला इंजिन असो वा नसो. म्हणून ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉलीची नोंद आहे की नाही, हे प्रत्येकाने पॉलिसी काढून पाहावे.

यंत्रामागोमाग दुकानात काही नियमही आले. ट्रॅक्टरची ब्रेकची दोन पेडले शेतात वळण्यासाठी वेगवेगळी वापरतात. ती रस्त्यावर खिट्टीने जोडलेलीच असावीत, नाहीतर एकाच बाजूचा ब्रेक लागून गाडी फिरते. घाट उतरण्याआधीच खालचा गिअर टाकावा. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते, म्हणून उतारावर ताशी १५ किलोमीटरच्या वर जाऊ नये. पावसात माल एक फेरी उशिरा आला तरी चालेल, आणि तसे समोरच्या पार्टीला दुकानातूनच कळवावे. हा फोन चालकाला करायला लावू नये. यातला शेवटचा नियम काकांनी स्वतः घातला. घाईचा निरोप गादीवरून जात असेल, तर घाटात सावकाश उतरण्याचा उपदेश चालकाला करण्यात अर्थ नव्हता.

मामांचा हात दोन महिन्यांनी बरा झाला. त्यांच्या उपचाराचा आणि त्या काळातील पगाराचा खर्च दुकानाने केला. ब्रेकसाठी दिलेली रक्कम दोन वर्षांपूर्वी वाचवलेल्या रकमेपेक्षा जास्त होती. काकांनी ते दोन्ही आकडे पुतण्याला एकाच पानावर लिहायला सांगितले. मोटारसायकलवाला वाचला याची किंमत त्या पानावर मांडता येत नव्हती, आणि कोणी मांडण्याचा प्रयत्नही केला नाही.

पहिल्या फेरीला पुतण्या मामांबरोबर गेला. घाटमाथ्यावर गाडी थांबली. त्याने उतरून साखळी, तार आणि तेलाची नळी पाहिली, पेडलांची खिट्टी लावली आहे याची खात्री केली आणि पुन्हा शेजारी येऊन बसला. मामांनी खालचा गिअर टाकला. पहिल्या वळणाआधी त्यांनी पेडल हलकेच दाबून पाहिले. मागची ट्रॉली लोटली नाही. तीही त्याच वेळी मंदावली.

“आता ट्रॅक्टर माझा आहे,” मामा म्हणाले, आणि सावकाश घाट उतरू लागले.